जनावराचे वजन : डोळ्याचा अंदाज नको, काट्याचा आधार हवा



कापूस विकायला जिनिंगवर गेलो की आपण सगळे भुईकाट्यापाशी उभे राहतो. भरलेल्या गाडीचे वजन किती, रिकाम्या गाडीचे किती, कटती किती लावली, सारे डोळ्यांत तेल घालून बघतो. काटा मारल्याचा नुसता संशय आला तरी आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा. वर्षभराचा घाम त्या काट्यावर उभा असतो.

पण मला एक सांगा, घरातल्या गाईचे वजन किती आहे? बैलजोडीचे? मागच्या आखाजीला पाजणीवर असलेली कालवड आज किती किलोची झाली? या प्रश्नावर दहापैकी नऊ गोठ्यांत उत्तर येते ते अंदाजाचे. आपल्या पारोळा भागात एका वडीलधाऱ्या माणसाने मला हसत हसत सांगितले होते, "साहेब, आमना डोयाच काटा शे." त्यांचा डोळा तयारीचा होता, यात शंका नाही. दात बघून वय, चाल बघून खोड आणि कातडी बघून तब्येत ते बरोबर सांगत. पण वजन हे डोळ्याचे काम नाही. भरल्या पोटाचे जनावर मोठे दिसते, केस वाढलेले जनावर मोठे दिसते, आणि रोज डोळ्यासमोर असलेले जनावर खंगत चालले तरी ते घरच्या माणसाला दिसत नाही.

रेडिओवरील शेती कार्यक्रमात या विषयावर आपण थोडक्यात बोललो होतो. काटा कसा मांडावा, कसा वापरावा, काटा नसेल तर काय करावे, हे सविस्तर या पत्रिकेत देत आहे. पत्रिका गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवावी.

एका कालवडीची गोष्ट

आधी माझीच चूक सांगतो. नोकरीत नवा असताना पारोळ्याजवळच्या एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. एका घरी चौदा महिन्यांची संकरित कालवड माजावर आली होती. घरधन्याने विचारले, "भरवू का?" कालवड उंच होती, अंगावर चकाकी होती. मी म्हणालो, "अडीचशेच्या वर दिसते, हरकत नाही." मी शेतकी पदवीधर. जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरीही बोलून गेलो.

पुढे दोन महिन्यांनी त्याच गावात फीतीने वजन काढण्याचे प्रात्यक्षिक ठेवले, तेव्हा तीच कालवड समोर आणली. छातीचा घेर १३८ सेंटिमीटर, लांबी ११६ सेंटिमीटर. हिशेब केला तर वजन निघाले २०४ किलो. तोवर ती गाभण होती. दिवस भरले तेव्हा वासरू अडले. डॉक्टरांनी रात्रभर खटपट करून गाय वाचवली, वासरू गेले. त्या वेतात गाईने दूधही मनासारखे दिले नाही. घरधनी मला एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याचेच मला जास्त लागले. त्या दिवसापासून मी जनावराचे वजन डोळ्याने सांगत नाही.

वजन कशाकशाला लागते?

पहिले, भरवण्यासाठी. संकरित कालवड साधारण २५० किलोची झाल्याशिवाय भरवू नये. वयापेक्षा वजनाला मान द्यावा. जन्मतः २५ किलोचे वासरू रोज सरासरी ४५० ग्रॅम वाढले तर २५० किलोला पोचायला ५०० दिवस, म्हणजे सोळा-सतरा महिने लागतात. रोजची वाढ निम्म्यावर आली तर हाच काळ दुप्पट होतो. महिन्याच्या महिन्याला वजन केले तर वाढ खुंटली हे दुसऱ्याच महिन्यात कळते. नाही केले तर अडीच वर्षांनी कळते, आणि तोवर पाण्यासारखा चारा गेलेला असतो. म्हशीच्या वगारीला याहून थोडे जास्त वजन लागते.

दुसरे, औषधासाठी. जंताचे औषध किलोवर मोजून द्यायचे असते. उदाहरण बघा. फेनबेंडाझोल हे औषध गाईगुरांना किलोमागे ५ मिलिग्रॅम या प्रमाणात देतात. दीड ग्रॅमची एक गोळी म्हणजे ३०० किलो वजनापुरती. आपली म्हैस ४२० किलोची असली आणि आपण तिला ३०० ची समजून एकच गोळी दिली, तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. पुढच्या खेपेला पूर्ण मात्रा दिली तरी गुण कमी येतो. दुकानातून गोळी आणताना "मोठ्या जनावराची द्या" असे सांगू नका, किलो सांगा. कोणते औषध द्यायचे, गाभण जनावराला चालेल की नाही, हे मात्र पशुवैद्यकांनाच विचारावे. काही जंतनाशके गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात देऊ नयेत अशी असतात.

तिसरे, चाऱ्यासाठी. देशी जनावराला वजनाच्या शेकडा २ ते २.५ आणि संकरित गाईला व म्हशीला २.५ ते ३ या प्रमाणात कोरडा अंश लागतो. कोरडा अंश म्हणजे पाणी वजा जाता उरणारा चारा. कडब्यात तो शेकडा ९० च्या आसपास, तर हिरव्या चाऱ्यात साधारण २० असतो. ३०० किलोच्या संकरित गाईला रोज ८ किलो कोरडा अंश धरला, तर १५ किलो हिरवा चारा, ४ किलो कडबा आणि दीड किलो ढेप-भरडा एवढ्यात हिशेब बसतो. दूध जास्त असेल तर त्या मानाने खुराक वाढवावा. आपल्याकडे पाऊस बेभरवशाचा. मार्च-एप्रिलपर्यंत कडबा पुरेल की नाही हे पोळ्यालाच काढता आले पाहिजे, आणि तो हिशेब वजनाशिवाय होत नाही.

चौथे, वासरासाठी. वासराला पहिल्या दिवशी त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जावा, आणि त्याची सुरुवात जन्मल्यावर तासा-दोन तासांत व्हावी. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. कमी पाजले तर रोग धरतो.

पाचवे, बैलासाठी. बैलजोडी आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ दिवसभर सहन करते. ८०० किलोची जोडी असेल तर ८० किलोची ओढ. ही ओढ म्हणजे गाडीतले ओझे नव्हे, चाकावर ओझे हलके होते. पण नांगराला, वखराला हा हिशेब लागू पडतो. उन्हाळ्यात जोडीचे वजन ६०-७० किलोंनी उतरले असेल आणि आपण जुन्याच नांगराला जुंपले, तर बैल खांदा टाकतो तो आळसाने नव्हे.

सहावे, विक्रीसाठी. हे शेळी-बोकडाला सर्वांत जास्त लागू. व्यापारी बोकडाच्या पाठीवर हात फिरवतो आणि "चोवीस किलो भरेल" म्हणतो. तुम्ही घरी टांगून बघितलेला असतो, तो २९ भरलेला असतो. समजा किलोला ४०० रुपये भाव ठरला, तर एका बोकडामागे २,००० रुपये. दहा बोकडांचे किती, ते तुम्हीच करा. पाठीवरचा हात नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने जड असतो.

काटे किती प्रकारचे?

ताणकाटा : स्प्रिंगचा किंवा इलेक्ट्रॉनिक. आढ्याला किंवा तिवईला टांगायचा. शेळ्या, मेंढ्या, करडे आणि लहान वासरे यांना पुरेसा. खाली गोणपाटाची किंवा जाड कापडाची झोळी करावी, चार पाय बाहेर निघतील अशी भोके ठेवावीत. दोरीने पाय बांधून जनावर उलटे टांगू नये. ते क्रूरपणाचे आहे, आणि तडफडणाऱ्या जनावराचे वजनही बरोबर येत नाही.

तरफेचा काटा : बाजार समितीत धान्याच्या पोत्यांना असतो तसाच, पण मोठा. पहारीने मोठा धोंडा हलवताना लांब बाजूला थोडा जोर लावला की आखूड बाजूला मोठा धोंडा उचलतो. याच्या पोटात तसल्याच तरफा असतात. म्हणून इकडचे लहान वजन तिकडच्या मोठ्या जनावराला तोलते. वीज लागत नाही, पण तरफांच्या धारा गंजल्या, त्यांत शेण-माती गेली की काटा जड होतो. या धारांना तेल किंवा ग्रीस लावू नये, त्यावर धूळ चिकटते. जनावर चढताना-उतरताना काट्याची कळ बंद ठेवावी, नाहीतर धक्क्याने धारा बोथट होतात.

इलेक्ट्रॉनिक काटा : आता बहुतेक हाच मिळतो. फळीखाली पोलादाचे चार ठोकळे किंवा दोन दांडे असतात, त्यांना लोडसेल म्हणतात. वजन पडले की पोलाद केसाहूनही कमी वाकते. त्यावर चिकटवलेल्या बारीक धातूच्या पट्ट्या ताणल्या जातात आणि त्यांतून जाणाऱ्या विजेत फरक पडतो. तो फरक मोजून यंत्र आकडा दाखवते. म्हणजे काय, तर हा काटा दिसायला धिप्पाड असला तरी त्याचे काळीज नाजूक आहे. मोठ्या जनावरांसाठी १,००० किलोपर्यंतचा काटा घ्यावा. बॅटरीवर चालणारा घेतला तर भारनियमनाचा त्रास नाही.

काटा कुठे आणि कसा मांडावा?

बंधूंनो, काटा चांगला असून वजन चुकते त्याचे पहिले कारण म्हणजे जागा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काळ्या मातीवर सरळ काटा ठेवला, तर दिवाळीला सपाट असलेला काटा आखाजीला एका अंगाला कललेला दिसेल. म्हणून पाया घ्यावा.

१) जागा : गोठ्यापासून जवळ, पाण्याच्या हाळाकडे जाण्याच्या रोजच्या वाटेवर, उंचवट्यावर आणि सावलीत. जनावर ज्या वाटेने रोज जाते त्या वाटेवर ते बुजत नाही.

२) पाया : एका मोठ्या जनावराच्या काट्यासाठी ३ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जागा आखावी. ६० सेंटिमीटर खोल काळी माती काढून टाकावी. त्यात मुरूम भरावा, पण एकदम नाही. वीतभराचा थर, त्यावर पाणी, वर धुम्मस, मग पुढचा थर. वरून १५ सेंटिमीटर जाडीचे सिमेंट काँक्रीट, १:२:४ या प्रमाणात. काँक्रीटला दहा ते चौदा दिवस पाणी मारावे. पायाची वरची पातळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावी. खड्ड्यात बसवलेल्या काट्यात पावसाचे पाणी साचते, तसे करू नये.

३) सपाटी : गवंड्याकडची पाण्याची नळी लावून चारही कोपरे एका पातळीत आहेत ना ते बघावे. काट्याचा एखादा पाय अधांतरी राहिला तर हाताने दाबून कळते, फळी डुगडुगते. त्या पायाखाली पत्र्याची चकती सारावी. लाकडाची पाचर मारू नये, ती ओलीने फुगते.

४) खोडा : पशुवैद्यकीय दवाखान्यात असतो तसा लोखंडी पाइपांचा खोडा फळीवर बसवावा. आतून लांबी सुमारे सव्वादोन मीटर, रुंदी ७० ते ७५ सेंटिमीटर, म्हणजे जनावर मागे वळू शकत नाही. पुढे-मागे फाटक. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की खोड्याचा सगळा भार फळीवरच पडला पाहिजे. खोड्याचा एक जरी पाय किंवा फाटकाचे टोक जमिनीला, भिंतीला, कुंपणाला टेकले, तर जनावराचे काही वजन तिकडे जाते आणि आकडा कमी येतो.

५) उतार : चढण्यासाठी दोन्ही बाजूंनी काँक्रीटचा हलका उतार करावा, त्यावर आडव्या खाचा पाडाव्यात. उतार आणि फळी यांत बोटभर फट ठेवावी. ही फट म्हणजे काट्याचा श्वास. त्यात दगड, वाळलेले शेण, कडब्याचे धसकट अडकले तर काटा गुदमरतो. वजन करण्यापूर्वी रोज काडीने ती फट साफ करावी.

६) फळीवर रबराची चटई किंवा खरबरीत पत्रा टाकावा. पाय घसरला की जनावर पुन्हा त्या जागी पाऊल ठेवत नाही. पत्रा पोकळ वाजत असेल तर जनावर बुजते, म्हणून चटई बरी.

७) वायर : उंदीर वायर कुरतडतात. ती पाइपातून न्यावी. लांब वाटली म्हणून कापू नये. काट्याजवळ वेल्डिंग करायचे असेल तर आधी यंत्राची जोडणी सोडवावी आणि शक्य तर लोडसेल काढून ठेवावेत. खोड्याला एक कडी जोडायची म्हणून काट्यावरच वेल्डिंग केले आणि काटा कायमचा गेला, असे होते.

काटा खरा आहे की खोटा?

मांडून झाल्यावर आणि पुढे दर महिन्याला ही परीक्षा घ्यावी. २० लिटरचे दहा कॅन घ्यावेत. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एक रिकामा कॅन शिक्का असलेल्या दुकानातल्या काट्यावर तोलून घ्यावा. कॅन एक किलोचा असेल तर भरलेला कॅन २१ किलो, दहा कॅन २१० किलो. कॅनवरच्या खुणेवर विसंबू नये, पाणी मापाने भरावे.

आता काटा शून्यावर आणावा. आधी दोन कॅन एका कोपऱ्यात ठेवून आकडा बघावा, मग तेच दोन कॅन उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांत. चारही आकडे सारखे आले पाहिजेत. जनावर काही मोजून मधोमध उभे राहत नाही, म्हणून ही परीक्षा. नंतर दहाही कॅन ठेवावेत, २१० येते का बघावे. सगळे काढून टाकावेत, पुन्हा शून्य येते का बघावे. यांपैकी काही बिघडले तर आधी फट, मग पाय, मग वायर तपासावी. तरी जमले नाही तर कारागिराला बोलवावे. यंत्रातली आकड्यांची मांडणी स्वतः बदलू नये.

एक कायद्याची गोष्ट. घरच्या हिशेबासाठी काटा वापरला तर तो तुमचा. पण त्यावर खरेदी-विक्री होणार असेल, तर २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याप्रमाणे त्याची पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची ती दरवर्षी करावी लागते. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने शेर-मण जाऊन किलो आला, तो याच विश्वासासाठी, की पारोळ्याचा किलो आणि धुळ्याचा किलो एकच असावा.

वजन करण्याची रीत

गाय एका वेळी बादल्याच्या बादल्या पाणी पिते. दिवसाकाठी ३०-४० लिटर सहज. पोटातला चारा वेगळा. म्हणजे तीच गाय सकाळी आणि संध्याकाळी तोलली, तर वीस-तीस किलोंचा फरक सहज दिसतो. तो फरक मांसाचा नव्हे, पोटातल्या ओझ्याचा. म्हणून नियम एकच धरावा. सकाळी, धार काढून झाल्यावर, वैरण-पाणी दाखवण्यापूर्वी वजन करावे. दर वेळी हीच वेळ. महत्त्वाचे वजन असेल, उदाहरणार्थ कालवड भरवायची असेल, तर लागोपाठ तीन दिवस वजन करून सरासरी काढावी. अंगावर पावसाचे पाणी, झूल, साखळदंड असेल तर काढावे.

जनावराला काट्याची सवय आधी करावी. आठवडाभर खोड्याची दोन्ही फाटके उघडी ठेवून त्यातूनच पाण्याला न्यावे. पुढच्या बाजूला मूठभर ढेप ठेवावी. आधी शांत, वयस्क गाय चढवावी, बाकीची तिच्या मागे येतात. आरडाओरडा, काठी, शेपूट पिरगाळणे नको. एकदा मार खाल्लेले जनावर त्या वाटेला पुन्हा जात नाही, आणि पुढच्या महिन्यात तुम्हालाच दुप्पट त्रास होतो. खोड्याच्या पुढे अंधार नसावा, उजेडाकडे तोंड असावे. लहान मुलांना दूर ठेवावे. जनावर आत असताना कोणीही खोड्यात शिरू नये, फाटकाच्या पट्टीत हात घालू नये.

इलेक्ट्रॉनिक काटा सुरू करून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. दर जनावरामागे शून्य बघावे. फळीवर शेण पडले तर लोटून मग पुन्हा शून्य करावे. जनावर हलत असताना आकडा नाचतो. घाई करू नये, चारही पाय फळीवर स्थिर झाले की आकडा टिकतो. तोच लिहावा. नाचणाऱ्या आकड्यांतला मोठा आकडा लिहिण्याचा मोह आपल्याला होतो, आणि लहान आकडा लिहिण्याचा घेणाऱ्याला.

नोंद वहीत लगेच करावी : तारीख, जनावराचे नाव किंवा कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, वजन, गाभण की भाकड, शेरा. वासरे व कालवडी दर महिन्याला, मोठी जनावरे आखाजी, पोळा आणि दिवाळी अशी वर्षातून तीनदा. सण कोणी विसरत नाही, म्हणून वजनही विसरले जाणार नाही. घरातल्या शाळकरी पोरीला ही वही द्या. माझा अनुभव असा, की ती आपल्यापेक्षा नीट ठेवते.

काटा नसेल तर फीत

एवढा काटा एका घराने घ्यावा असे माझे म्हणणे नाही. दूध संस्था, बचत गट, शेतकरी कंपनी किंवा ग्रामपंचायत यांनी मिळून एक घ्यावा. तोवर शिंप्याची फीत आहेच.

जनावर सपाट जागेवर, मान सरळ ठेवून उभे करावे. फीत वशिंडाच्या मागून आणि पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवती फिरवावी. घट्ट आवळू नये, सैलही नको. हा झाला घेर. मग खांद्याच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडाशी असलेल्या बसण्याच्या हाडाच्या टोकापर्यंत सरळ मोजावे. ही झाली लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये.

घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. येईल ते वजन किलोत.

उदाहरण : घेर १५०, लांबी १२५. १५० गुणिले १५० म्हणजे २२,५००. त्याला १२५ ने गुणले की २८,१२,५००. भागिले १०,८४०. वजन सुमारे २५९ किलो. फीत इंचाची असेल तर १०,८४० ऐवजी ६६० ने भागावे.

हा हिशेब शेफर यांच्या सूत्राचा. घेर दोनदा धरला जातो, म्हणून घेरातली दोन बोटांची चूक हिशेबात मोठी होते. तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. फीतीचे वजन शेकडा ५ ते १० ने पुढे-मागे होऊ शकते. गाभण जनावरात आणि पोट सुटलेल्या जनावरात जास्तच. पण डोळ्याच्या अंदाजापेक्षा ते केव्हाही बरे. माझ्या त्या कालवडीला आधीच फीत लावली असती तर एक वासरू वाचले असते.

श्रोत्यांना पडणारे प्रश्न

प्रश्न : गावच्या भुईकाट्यावर जनावर तोलले तर?
उत्तर : पिकअपमधली पाच-सहा जनावरे एकत्र तोलायला ठीक. भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. पण भुईकाटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. एका वासराच्या वाढीचा हिशेब त्यावर होत नाही.

प्रश्न : लहान वासरू कसे तोलावे?
उत्तर : माणसाने वासरू उचलून काट्यावर उभे राहावे, मग वासराशिवाय. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वासराचे वजन.

प्रश्न : लसही वजनावर द्यायची का?
उत्तर : नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात रावेर तालुक्यात लम्पी त्वचारोग दिसला आणि पुढे राज्यभर लसीकरण झाले, तेव्हा अनेकांनी हे विचारले. लसीची मात्रा ठरलेली असते, लहान-मोठे बघून ती कमी-जास्त करत नाहीत. आजारावरचे औषध मात्र किलोवर.

प्रश्न : गाभण गाय काट्यावर चढवावी का?
उत्तर : सवयीची असेल तर चढवावी. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत खोड्यात कोंडू नये. त्या काळात वजन वाढलेले दिसले तरी त्यात वासराचा व पाण्याच्या पिशवीचा वाटा असतो हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : बैलाचे वजन उन्हाळ्यात उतरते, ते चालायचेच ना?
उत्तर : थोडे उतरते. पण आखाजीला वजन केले आणि शेकडा दहाहून जास्त उतरलेले दिसले, तर पेरणीला महिना-सव्वा महिना असतो. तेवढ्यात जंताचे औषध, थोडी ढेप आणि मीठ-क्षार यांनी जोडी सावरते. मृगात कळून उपयोग नाही.

लक्षात ठेवा

पाया मुरमाचा, काळ्या मातीचा नको. फळीभोवतीची फट मोकळी. खोड्याचा भार फळीवरच. आधी शून्य, मग जनावर, मग पुन्हा शून्य. वजन सकाळी, उपाशीपोटी, एकाच वेळेला. आकडा डोक्यात न ठेवता वहीत लिहावा. औषध किलोवर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. कालवड वयावर नव्हे, वजनावर भरवावी. बोकड विकायला नेण्याआधी घरी तोलून न्यावा.

येत्या रविवारी एक काम करा. घरातली फीत घ्या आणि गोठ्यातल्या सर्वांत लहान कालवडीपासून सुरुवात करा. घेर, लांबी आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. महिन्याने पुन्हा मोजा. दोन आकडे शेजारी बसले की पुढे काय करायचे ते कालवडच तुम्हाला सांगेल.